फावड्याची मान

लष्करात सून म्हणून आले तेव्हा पत्ता लिहिताना मला हसू यायचं. 'दाल बाजार, लष्कर, ग्वाल्हेर.' जणू नवरा शिपाई आणि मी छावणीत बसून डाळ निवडतेय! पुढे कळलं, ते अगदीच खोटं नव्हतं. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली आणि ती उठलीच नाही. तंबूंच्या जागी घरं आली, छावणीच्या बाजाराच्या जागी पेठा आल्या आणि लष्कर हेच शहराचं नाव होऊन बसलं.

छावणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घोडे आणि तोफा येतात. पण फौज मुक्कामाला थांबली की पहिलं काम खणायचं. मोर्चे, खंदक, पाण्याचे झरे, तोफा ओढायच्या वाटा. हे करणारे बेलदार. फारसीत 'बेल' म्हणजे फावडं, आणि ते बाळगणारा तो बेलदार. पानिपतावर भाऊसाहेबांनी छावणीभोवती खंदक खणवला, हे आपण शाळेत शिकलो. कोण कुठे पडलं तेही पाठ आहे. खंदक खणणाऱ्या एकाचंही नाव मात्र आपल्याला ठाऊक नसतं, आणि ते विचारावंसं कधी वाटलंही नाही. मलाही वाटलं नव्हतं. परवाच्या ज्येष्ठात आमच्या घरचं फावडं मोडलं, तिथून हे सगळं डोक्यात सुरू झालं.

मागच्या अंगणात सासऱ्यांनी लावलेलं बांबूचं बेट आहे. जात मानवेल, आपल्या मध्य भारताच्या कोरड्या रानातली. हिचा बांबू जवळजवळ भरीव, म्हणून लाठ्या याच्याच होतात. बेट इतकं दाटलं होतं की मधले बांबू उभ्या उभ्या वाळत होते. पुतणीला शेताच्या बांधावर लावायला दोन रोपं हवी होती, तेव्हा म्हटलं, पावसाच्या तोंडावर बेट फोडूनच टाकू. तुमच्याकडे बेट असेल तर लक्षात ठेवा: एक-दोन वर्षांचा बांबू निवडायचा, म्हातारा नको. त्याच्या बुडाशी त्याचा स्वतःचा कंद असतो, आणि तो कंद आईच्या कंदाला एका बारीक मानेनं जोडलेला असतो. भोवतीची माती दीड-दोन फूट मोकळी करायची, ती मान उघडी करायची आणि तिथेच धारदार कुऱ्हाडीनं एका घावात तोडायचं. वरून बांबू तीन-चार पेरं ठेवून छाटायचा. कंद कुठेही मधेच तुटला तर रोपही जातं आणि बेटही दुखावतं.

आमच्या माळीदादांनी घाई केली. माती ओढून झाल्यावर फावडंच कंदाखाली सारलं आणि दांड्यावर जोर दिला. कट्कन आवाज आला. दांडा जिथे लोखंडात शिरतो तिथेच, फावड्याच्या मानेशी, पत्रा दुमडून फाटला. दादा शांतपणे म्हणाले, "बाईजी, बाँस तो निकल आएगा, फावड़ा नहीं बचेगा." फावडं दीडच वर्षाचं होतं, रंग अजून चकचकीत.

चूक निम्मी त्यांची, निम्मी माझी. फावडं हे माती ओढायचं अवजार, उचकटायचं नव्हे. उचकटायला पहार. इंग्रजांचं फावडं पायानं दाबून जमिनीत घालायचं असतं. आपलं कमरेतून वाकून स्वतःकडे ओढायचं. अनवाणी चालणाऱ्या माणसांचं अवजार आहे ते, पायानं कोण दाबणार? आणि माझी चूक ही, की मी ते रंग बघून घेतलं होतं.

दाल बाजारापासून लोहिया बाजार जवळच आहे. गेले. इंग्रजी अमलात विलायती कारखाने हिंदुस्थानासाठी 'कोदाळी' या नावानं अवजारं बनवून पाठवत. 1920च्या दशकापासून जमशेदपूरच्या टाटांची 'अ‍ॅग्रिको' छापाची अवजारं आली, ती आजही बाजारात दिसतात. या वेळी मी रंगाकडे पाहिलं नाही. पातं आणि दांड्याचं भोक एकाच लोखंडातून ठोकून काढलंय की पत्रा वळवून जोडलाय, ते पाहिलं. पातं दोरीला टांगून दुसऱ्या लोखंडानं वाजवलं. चांगलं पातं घंटेसारखं घुमतं, चिरलेलं बद्द वाजतं. दुकानदार हसला, हसू दे. आपण मडकं वाजवून घेतो तेव्हा कोण हसतं?

तरीही मी फावडं घेतलं ते रस्त्याच्या कडेला, गाडिया लोहारांकडून. चितोड पडलं तेव्हा घरात न राहण्याची शपथ घेऊन निघालेली ही माणसं, अशी त्यांची कथा. 1955च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरू त्यांना घेऊन चितोडगडात गेले, शपथ सुटली असं जाहीर झालं. पण कितीतरी कुटुंबं अजून रस्त्याच्या कडेलाच आहेत. नवरा सांडशीत लाल लोखंड धरून बसला होता. घण चालवत होती बायको. आपल्याकडच्या घिसाड्यांतही हेच दिसतं, बाईच घण मारते. ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्याचं फावडं होत होतं. शेवटी पात्याची फक्त धार पाण्यात बुडवली, मानेकडचा भाग तसाच ठेवला. मी विचारलं, वरती का नाही पाणी दिलं? घण टेकवून बाई म्हणाली, "गर्दन कड़ी कर दी तो टूट जाएगी, बाईजी." आमच्या घरातल्या एक-दोघांना हे ऐकवावं असं मनात आलं.

दांडा धामणीचा मिळाला. सरळ रेषेचा, गाठ नसलेला, बिनरंगाचा. रंगाखाली गाठी लपतात.

घरी आणल्यावर मात्र मला माझी आजी आठवली, आणि जरा अपराधी वाटलं. माझं माहेर बार्शीचं. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचा एक प्रकार सांगितलाय, हिंसादान: ज्यानं जीव मरतील अशी वस्तू दुसऱ्याला देणं. त्या यादीत कुऱ्हाड, तलवार, विस्तव यांच्या पंगतीत खनित्रही आहे, म्हणजे कुदळ-फावडं. आजीला ते पाठ होतं. आमच्या घरून कुणाला धान्य मिळे, ताक मिळे, अवजार कधीच नाही. खरं तर असि, मसी, कृषी शिकवणारे आदिनाथच. इथे गोपाचलच्या उरवाईत त्यांची 57 फुटांची मूर्ती उभी आहे, तीही कुणाच्या तरी छिन्नीनंच घडली. पण आजीपुढे असा युक्तिवाद कोण करणार?

1972चा दुष्काळ आला. पाझर तलाव, रस्ते, खडी. 1973च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यांत बाया किती तरी. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी एक बाई दारात आली. नवरा आजारी, तिला कामावर जायचं होतं, घरातलं फावडं तुटलेलं.

"धान्य माग गं, देते. अवजार मागू नको," आजी म्हणाली.

"धान्यासाठीच तर फावडं हवंय, आजी. आज धान्य द्याल, उद्या काय?"

आजी आत निघून गेली. मी दहा-अकरा वर्षांची, उंबऱ्यात उभी. थोड्या वेळानं तिनं गोठ्यातलं फावडं आणलं, बाईच्या हातात दिलं नाही, बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि तिच्याकडे न बघता माळ ओढत बसली. त्या दिवशी तिनं उपवास केला. तो कशासाठी, देण्याच्या दोषासाठी की आधी नाही म्हटलं त्यासाठी, हे मी तिला कधी विचारलं नाही.

दोन पावसाळ्यांनी ते फावडं भिंतीशी परत आलं. पातं चार बोटं झिजलं होतं, दांडा नवा होता, मान जशीच्या तशी. आजीनं ते धुऊन गोठ्यात ठेवलं. त्यानंतर गल्लीत कुणालाही अवजार लागलं की ते भिंतीला टेकवलेलं असायचं. मागायची गरज नसे, आणि द्यायचीही.

बेट आम्ही पुन्हा फोडलं. या वेळी पहार आणली, कुऱ्हाडीला धार लावली, फावड्यानं फक्त माती ओढली. माळीदादा हळूहळू खणत होते, मी गांडुळं वेचून केळीच्या बुडाशी सोडत होते. पाच रोपं निघाली. दोन पुतणीच्या बांधावर गेली, एक सुकलं. उरलेली दोन अंगणातच कोपऱ्यात लावली आहेत, त्यांतल्या एकाला भाद्रपदात कोंब आला. दादा परवा विचारत होते, त्यांच्या भावाला विहिरीच्या कामाला आठ दिवस फावडं मिळेल का. मी ते मागच्या दाराबाहेर टेकवून ठेवलं आहे.