खोलून पाहणाऱ्यांचा इतिहास

१९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनातला काँग्रेस रेडिओ म्हटला की उषा मेहता यांचे नाव येते. ते यायलाच हवे. बावीस वर्षांच्या या तरुणीने मुंबईत जागा बदलत गुप्त केंद्र चालवले, पकडली गेल्यावर साथीदारांची नावे सांगितली नाहीत आणि चार वर्षांची शिक्षा भोगली. पण त्या आवाजामागचे यंत्र कोणी बांधले होते, हे सहसा कोणी विचारत नाही. मी गेली कित्येक वर्षे अकोल्यात रेडिओचे जुने संच आणि बंद पडलेले घरगुती संगणक खोलत बसतो. त्यामुळे माझ्या मनात पहिला प्रश्न तोच येतो.

यंत्र बांधणारे हौशी लोक होते. ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात, ते. आपल्या देशात ही जमात सरकारी रेडिओपेक्षा जुनी आहे. १९२१ मध्ये कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू हे पहिले हौशी रेडिओवाले मानले जातात. १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रसारित केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले ते त्यानंतर चार वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी. म्हणजे आधी शौकीन आले आणि मग सरकार-दरबार.

सरकारला मात्र हा शौक कधीच फारसा मानवला नाही. १९३३ च्या वायरलेस कायद्याने परवान्याशिवाय संच जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला. १९३९ मध्ये महायुद्ध पेटताच हौशी लोकांचे परवाने रद्द झाले आणि ट्रान्समीटर जमा करण्याचे फर्मान निघाले. मुंबईचे नरिमन प्रिंटर हे त्यांतलेच एक. त्यांनी आपल्या संचाचे काही भाग जपून ठेवले. १९४२ च्या ऑगस्टअखेर काँग्रेस रेडिओ बोलू लागला तो त्यांच्याच कसबावर. १२ नोव्हेंबरला छापा पडला, त्याआधी पोलिसांनी प्रिंटर यांना पकडले होते आणि त्यांच्यामार्फतच ते केंद्रापर्यंत पोचले. इतिहास असा सरळ नसतो. पण एक गोष्ट खरी, की कायद्याने संच काढून घेता आला, तो जोडण्याची अक्कल काढून घेता आली नाही.

आता एक छोटे गणित. काँग्रेस रेडिओ आपली लहर ४२.३४ मीटर सांगत असे. प्रकाशाच्या वेगाला या लांबीने भागले की उत्तर येते साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. हौशी लोकांचा ‘चाळीस मीटर’चा पट्टा भारतात ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे. म्हणजे आज सकाळी चहाचा कप हातात घेऊन आम्ही ज्या पट्ट्यावर एकमेकांची खुशाली विचारतो, त्याच पट्ट्यात तो आवाज होता. मला ही गोष्ट कोणत्याही स्मारकापेक्षा मोठी वाटते.

वऱ्हाडात तारेचा इतिहास कापसाशी बांधलेला आहे. ४ मार्च १८७० रोजी लॉर्ड मेयोने खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन केले आणि त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने मुंबई इंग्लंडला जोडली गेली. लिव्हरपूलचा कापसाचा भाव आठवड्यांऐवजी तासांत कळू लागला. पुढे शंभर वर्षे स्टेशनवरचा तारबाबू ही आपल्या गावांतली ओळखीची आसामी होती. मला मोर्स शिकवले तेही अशाच एका निवृत्त रेल्वे तारबाबूंनी. ते म्हणायचे, “ठिपके मोजू नकोस, गाणं ऐक.” तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मोर्स मात्र हौशी लोकांनी जिवंत ठेवला. वरच्या श्रेणीच्या परवान्याला आजही मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने तो द्यावा-घ्यावा लागतो.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये महू येथे हौशी लोकांचा क्लब निघाला आणि १९५४ मध्ये अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. पण परदेशी संचावरची जकात सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. मग लोकांनी महायुद्धातले लष्करी संच भंगार बाजारातून उचलले, मोडक्या रेडिओतले व्हॉल्व्ह, कंडेन्सर, कॉइल काढून नवे संच बांधले. गरज ही शोधाची जननी म्हणतात, आमच्याकडे जकात ही तिची सासू होती. १९८४ च्या सुमारास ती जकात माफ झाली. त्या वर्षी पंतप्रधान झालेले राजीव गांधी स्वतः परवानाधारक हॅम होते. तरी सवय लागली ती लागलीच, डबा आणला की आधी त्याचे स्क्रू काढायचे.

माझ्या परवान्यासाठी पोलीस चौकशी झाली, तशी ती सगळ्यांचीच होते. मोहल्ल्यातल्या मुसलमानाच्या छतावर वीस मीटरची तांब्याची तार दोन बांबूंना ताणलेली दिसली की चौकशी जरा लांबते, एवढेच. शेजारच्या काकांनी विचारले होते, “काऊन भाई, पाकिस्तान लागते का याच्यावर?” मी म्हटले, “काका, संध्याकाळी अकोट लागत नाही, तुम्ही पाकिस्तानचं काय घेऊन बसले!” यात थट्टा कमी आणि शास्त्र जास्त होते. जमिनीलगत जाणारी लहर थोड्या अंतरावर विरते, आणि वर गेलेली लहर आयनांच्या थराला धडकून दूर कुठेतरी उतरते. मधला पट्टा कोरडाच राहतो. त्यामुळे पंचेचाळीस किलोमीटरवरचे अकोट गप्प असते आणि बंगळूर खणखणीत बोलते. काकांना मी कानाला हेडफोन लावून बसवले. त्यानंतर मोहल्ल्यात कोणी शंका काढली की उत्तर तेच देतात. परवाना मी फ्रेम करून भिंतीवर लावला आहे. हे माझ्या घरातले एकमेव सरकारी कागद आहे, ज्यावर लिहिले आहे की या माणसावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

संगणक या घरात रेडिओच्याच दारातून आला. १९८२ मध्ये इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम निघाला आणि काही वर्षांनी तो भारतात ‘डीबी स्पेक्ट्रम’ नावाने जोडून विकला गेला. स्मृती ४८ किलोबाइट. आज सकाळी फोनवर येणारा ‘सुप्रभात’चा फोटोही त्यात मावणार नाही. पडदा म्हणून घरचा टीव्ही, आणि प्रोग्रॅम साठवायला साधी कॅसेट. कॅसेट वाजवली की जो चिरका आवाज येई, तोच त्याचा मजकूर. मोर्स ऐकून तयार झालेल्या कानाला यात परके काही वाटले नाही. हौशी लोकांनी या डब्यावर मोर्स आणि टेलिप्रिंटरचे संदेश उलगडले. १ मार्च १९८४ रोजी सोडलेला सरे विद्यापीठाचा यूओसॅट-२ हा छोटा उपग्रह १४५.८२५ मेगाहर्ट्झवर आपली खबरबात प्रक्षेपित करी, आणि साधा रिसीव्हर व घरगुती संगणक यांवर ती वाचता यावी अशीच त्याची योजना होती. डोक्यावरून तो जेमतेम दहा-पंधरा मिनिटे जाई. तेवढ्यात एखादा शाळकरी पोरगा अवकाशातल्या यंत्राची नाडी तपासू शकत होता.

आता हे डबे म्हातारे झाले आहेत, आणि त्यांची दुखणी मला घरच्या माणसांसारखी पाठ आहेत. जुन्या स्पेक्ट्रममधल्या ४११६ जातीच्या चिपला तीन दाब लागतात: अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच व्होल्ट. यातला उणे पाच गेला की बाकीचे दोन चिपला जाळतात, आणि पडद्यावर अक्षरांऐवजी पट्टे उमटतात. म्हणून रोग्याला हात लावण्याआधी मल्टिमीटरने हे तीन दाब बघायचे, सुकलेले कंडेन्सर बदलायचे आणि मगच चिपकडे वळायचे. कळफलकाखालचा प्लॅस्टिकचा पापुद्रा वाळून तडकतो. कॅसेटच्या हेडचा कोन बारीक स्क्रूने, कानाने ऐकत, आवाज स्वच्छ होईपर्यंत फिरवावा लागतो. त्यात आमचा उन्हाळा. अकोल्यात पारा पंचेचाळीसला टेकला की मी पहाटेच काम उरकतो. मृगाच्या आधी तर रेडिओच पावसाची वर्दी देतो. ढग दिसायच्या आत कडकडाट कानात येऊ लागतो, की लगेच अँटेनाची तार काढून बाहेर टाकायची.

अमरावतीचा माझा एक जोडीदार याच कामातला. लहरीवरच आमची दुखण्यांची देवाणघेवाण चालते. माझ्याकडच्या चिप एसटीने त्याच्याकडे जातात आणि त्याच्याकडचे पापुद्रे माझ्याकडे येतात. ४११६ आता कोणी बनवत नाही. एक मेलेला डबा दुसऱ्या दोघांना जगवतो, तेव्हा मेलेलाही आम्ही फेकत नाही.

यात समाजाचे काय हित, असे लोक विचारतात. १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि २००१ चा कच्छचा भूकंप, या दोन्ही वेळी तारा तुटल्या असताना हौशी लोकांचे संच निरोप पोचवत होते. कारण त्यांचे यंत्र टॉवरवर अवलंबून नव्हते. मोटारीची बॅटरी, एक तार आणि यंत्र समजणारा माणूस एवढे पुरे होते. त्यांपैकी बॅटरी आणि तार आजही कुठल्याही गल्लीत मिळेल.

तिसरी गोष्ट दुर्मीळ होत चालली आहे. गांधी रोडवर पूर्वी रेडिओ दुरुस्तीची दुकाने असत. त्यांच्या जागी आता फोनची कव्हरे लटकतात. फोन स्क्रूने नव्हे, गोंदाने बंद केलेला असतो. १९३३ च्या कायद्याला जे जमले नाही, ते काम गोंद करतो आहे. खोलून पाहायची इच्छाच मरते, आणि त्यासाठी कुठले फर्मान काढावे लागत नाही.

रविवारी दुपारी माझ्याकडे मोहल्ल्यातली तीन-चार मुले येतात. कुणाला जुनी कॅसेट वाजवायची असते, कुणाला नुसते स्क्रू काढायचे असतात. मी अडवत नाही. स्क्रू कुठल्या वाटीत ठेवायचे, एवढेच सांगतो.