तळटीप : पायासी राजाचा रांजण
हा प्रसंग दीघनिकायातल्या पायासिसुत्तातला. कोसलातल्या सेतव्या नगरीचा हा अधिपती परलोक मानत नसे, आणि नुसता वाद न घालता पडताळा पाहत असे. जिवंत चोराला रांजणात कोंबून तोंड ओल्या कातड्याने व मातीने लिंपायचे, रांजण भट्टीवर चढवायचा, आणि चोर मेला की झाकण हळूच काढून जीव बाहेर पडताना दिसतो का ते पाहायचे. दिसला नाही. दुसऱ्या चोराला गळा आवळण्याआधी व नंतर तोलले, तर प्रेतच जड भरले! रांजणाच्या प्रयोगावर भिक्खू कुमारकस्सपाने विचारले : तू दुपारी स्वप्नात बागा हिंडतोस, तेव्हा जवळच्या दासींना तुझा जीव येता-जाता दिसतो का? उत्तर हजरजबाबी खरे; सिद्ध त्यातून काहीच होत नाही. शिवाय बौद्ध मत नित्य आत्मा मानत नाही, कस्सपाचा रोख परलोक व कर्मफळावर आहे; मूळ मजकुराच्या लेखकाने त्याला सरसकट ‘आत्मवादी’ म्हटले आहे ते जपूनच घ्यावे. जैनांच्या रायपसेणियसुत्तात हाच वाद पएसी राजा व केशी श्रमण यांच्यात होतो, पण तिथे वजन बदलत नाही. ‘आत्म्याचे २१ ग्रॅम’ ही आख्यायिका मात्र अमेरिकेतली : डंकन मॅकडूगल या डॉक्टरांनी सहा मरणासन्न रुग्ण तोलून १९०७ साली निष्कर्ष छापले, त्यांतल्या एकाच रुग्णाचा हा आकडा.