विजेच्या मोटारीची नाडीपरीक्षा

पिंप्राळें हें आमच्या लहानपणीं जळगांवच्या वेशीबाहेरचें गांव होतें. आतां शहरानें तें आपल्या पोटांत घेतलें आहे. तथापि आषाढी एकादशीचा रथ आणि शिवारांत तग धरून राहिलेल्या थोड्याशा विहिरी यांवरून त्याचें जुनें रूप अद्याप ओळखूं येतें. त्यांपैकीं एका विहिरीवर आमच्या आजोबांच्या वेळीं मोट चालत असे. मोटेचा बिघाड कधीं लपून राहत नसे. कातडें फाटलें तर पाणी थारोळ्यांत पडण्यापूर्वींच विहिरींत परत जाई. नाडा झिजला तर त्याचे सुटलेले पीळ दिसत. चाकाला वंगण नसलें तर तें साऱ्या शिवारास ओरडून सांगे. आणि बैल थकला तर तो धांवेवर उभा राही. निदानाकरितां डोळे व कान यांवेगळें कोणतेंही साधन मोट हाकणारास लागत नसे.

त्याच विहिरीवर आज विजेची मोटार आहे. मोट व मोटार या शब्दांचें साम्य केवळ उच्चाराचें आहे, व्युत्पत्तीचें नाहीं. आणि वस्तूंच्या स्वभावांत तर तेवढेंही साम्य नाहीं. बिडाच्या कवचांत बंद असलेलें हें यंत्र चालतें तोंवर चालतें, आणि एके दिवशीं जळतें. ‘मोटार जळाली’ हें वाक्य खानदेशांत उन्हाळ्याच्या दिवसांत इतक्या वेळां कानीं पडतें कीं, ‘कां जळाली?’ असें विचारण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं. जणूं काय जळणें हा मोटारीचा धर्मच आहे! वैशाखांत केळीच्या बागेस चार दिवस पाणी चुकलें तर काय होतें, हें या जिल्ह्यांतील वाचकांस सांगावयास नको. एका उन्हाळ्यांत आमची मोटार दोनदां जळाली, तेव्हां ‘कां?’ हा प्रश्न आम्हांस प्रथमच सुचला. आणि त्याच्या मागें लागून जो इतिहास चाळावा लागला, तो असा दिसला कीं, यंत्र फिरविण्याची विद्या मनुष्यास लवकर साधली, परंतु फिरत्या यंत्रास ‘तुला काय होतें आहे?’ असें विचारण्याची विद्या फार सावकाश आली. आमच्या खेड्यांत पहिली विद्या पोंचली. दुसरी वाटेंतच कोठें तरी रेंगाळली.

इ. स. १८२१ हें वर्ष या दोन्ही विद्यांच्या दृष्टीनें चमत्कारिक आहे. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत मायकेल फॅरडे यानें लंडन येथें पाऱ्याच्या भांड्यांत उभ्या केलेल्या लोहचुंबकाभोंवतीं वीज वाहणारी तार फिरवून दाखविली. मोटारीचा जन्म तो हाच. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें गास्पार द प्रोनी या इंजिनिअरानें फिरत्या यंत्राची शक्ति मोजण्याचें एक साधें साधन सिद्ध केलें. यंत्राच्या चाकास दोन्ही बाजूंनीं लांकडी ठोकळे आवळावयाचे, त्यांस एक लांब दांडा जोडावयाचा, आणि दांड्याच्या टोंकाशीं वजन टांगून तो आडवा तोलून धरावयाचा. वजनावरून चाकाची ओढ कळे, व तिला मिनिटांतील फेऱ्यांची जोड दिली म्हणजे शक्ति निघे. आमच्याकडील रथाच्या चाकाखालीं मोगरी लावणारे लोक ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस यांतील मर्म समजावून देण्याची गरज नाहीं. लांकूड चाकाशीं झगडूं लागलें कीं चाकाचें बळ हाताला कळतें. प्रोनीनें तें तराजूंत घातलें इतकेंच.

परंतु या परीक्षेंत एक मोठें वैगुण्य होतें. यंत्राची सगळी शक्ति लांकडाच्या घर्षणांत उष्णता होऊन नाहींशी होई. ठोकळ्यांतून धूर निघे, त्यांवर पाणी ओतावें लागे. लहान यंत्रास हें चालून जाई. पुढें १८७३ सालीं व्हिएन्नाच्या प्रदर्शनांत ग्राम याचें वीज उत्पन्न करणारें यंत्र दुसऱ्या तशाच यंत्राच्या विजेनें उलट फिरूं लागलें, आणि मोटार ही प्रयोगशाळेंतून कारखान्यांत आली. मोटारी शेंकडों अश्वशक्तीच्या होऊं लागल्या, तेव्हां त्यांची परीक्षा लांकडाच्या ठोकळ्यांनीं करणें म्हणजे घराची बळकटी पाहण्याकरितां तें जाळून पाहण्यासारखें झालें.

यावर जॉन हॉपकिन्सन यानें १८८६ सालीं जी युक्ति प्रसिद्ध केली, तिच्याइतकी सुंदर युक्ति आम्हांस या सबंध इतिहासांत दुसरी आढळली नाहीं. दोन सारखीं यंत्रें एकमेकांच्या दांड्यास जोडावीं. एकानें मोटार होऊन दुसऱ्यास फिरवावें. दुसऱ्यानें वीज उत्पन्न करून ती पहिल्यास परत द्यावी. दोन्ही यंत्रें पुऱ्या भारानें चालतात, आणि घर्षणांत व उष्णतेंत जेवढी तूट येते तेवढीच काय ती वीज बाहेरून पुरवावी लागते. दोन सावकारांनीं तेच हजार रुपये एकमेकांस उसने देत राहावें आणि बाहेरून केवळ कारकुनाचा पगार भरावा, तसा हा व्यवहार आहे. त्यांतून तुटीचा आंकडा अगदीं उघडा पडतो. आणि मोटारीचा सारा रोग त्या तुटींतच असतो. हा हॉपकिन्सन केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत १८७१ सालीं पहिला आलेला, म्हणजे १८९९ सालीं आमचे परांजपे ज्या पदवीनें देशभर गाजले तिचाच एक पूर्वीचा मानकरी. परांजप्यांच्या त्या यशाच्या आदल्याच वर्षीं तो आल्प्स पर्वतांत एक मुलगा व दोन मुली यांच्यासह कडा चढतांना मरण पावला.

यानंतर मोटारीची जातच बदलली. इटलींत फेरारिस व अमेरिकेंत टेस्ला यांनीं १८८८ सालीं फिरत्या चुंबकक्षेत्राची कल्पना स्वतंत्रपणें पुढें मांडली, आणि पुढच्याच वर्षीं दोलिवो-दोब्रोवोल्स्की यानें तीन फेजांवर चालणारी, पिंजऱ्याच्या आकाराच्या रोटरची मोटार तयार केली. आज विहिरीवर, गिरणींत, पिठाच्या चक्कीवर जी मोटार दिसते ती बहुतेक याच घराण्यांतील. तिला ब्रश नाहींत, ठिणग्या नाहींत. धूळ, ऊन, दुर्लक्ष सारें ती सोसते. सर्व ग्रंथकार हिच्या या सोशिकपणाची स्तुति करतात. आमच्या मतें त्या स्तुतींत एक गोष्ट सांगावयाची राहून जाते. जुन्या मोटारींत ब्रशापाशीं ठिणग्या उडत, आणि जाणता मिस्त्री त्यांची जागा व रंग पाहून आंत काय चाललें आहे तें ओळखी. नव्या मोटारीनें ठिणगी घालविली, तिच्याबरोबर आपली जीभही घालविली. सोशीक माणसाचें दुखणें घरांत सर्वांत शेवटीं कळतें, तशांतलाच हा प्रकार.

म्हणून या मुक्या यंत्रास बोलतें करण्याच्या युक्त्या निघणें प्राप्त होतें. १८९४ सालीं हेलंड यानें दाखविलें कीं, मोटारीस दोनच प्रश्न विचारणें पुरे: एकदां तिला कांहींही भार न देतां मोकळी फिरूं द्यावी, आणि एकदां तिचा रोटर पक्का धरून ठेवून थोड्या दाबाची वीज द्यावी. दोन्ही वेळीं किती प्रवाह व किती शक्ति घेतली तें टिपून कागदावर एक वर्तुळ काढलें, कीं मधल्या कोणत्याही भाराला ती कशी वागेल तें त्या वर्तुळावर वाचतां येतें. दुसरी युक्ति एव्हरशेड याची. तांब्याच्या तारेवरील वेष्टन कितपत शाबूत आहे हें पाहण्याची कला मूळची तारायंत्र खात्याची. समुद्रांतील तार कोठें पाणी पिते हें शोधण्यासाठीं ती वाढली. एव्हरशेडनें तिला पेटींत बसविलें. हातानें दांडी फिरवावी, पेटींत पांचशें व्होल्टांचा दाब उत्पन्न व्हावा, आणि कांट्यानें वेष्टनाचा रोध लाखों ओहमांत सांगावा, अशा या उपकरणाचें ‘मेगर’ हें नांव १९०३ सालीं नोंदलें गेलें, आणि आज तें कोणत्याही मिस्त्रीच्या तोंडीं मराठी शब्दाप्रमाणें रुळलें आहे.

मेगरचा एकच आंकडा फारसें कांहीं सांगत नाहीं, हें मात्र ध्यानांत ठेविलें पाहिजे. पावसाळ्यांत तो सहज उतरतो, उन्हांत चढतो. परंतु महिन्यामागून महिना तो टिपून ठेवला आणि सारखा उतरत चाललेला दिसला, तर मोटार जळण्यापूर्वीं पुष्कळ आधीं हांक मारते. वेष्टनाचें आयुष्य उष्णतेच्या दर आठ-दहा अंशांच्या वाढीबरोबर निम्में होत जातें, असें माँट्सिंगर यानें १९३० सालीं रोहित्रांच्या अभ्यासावरून दाखविलें. मोटारीसही तोच न्याय लागूं पडतो. आमच्याच जिल्ह्यांत भुसावळास रेल्वेच्या विद्युत् इंजिनांची शेड आहे. तेथें मोटार बिघडण्याची वाट कोणी पाहत नाहीं. ठरल्या मुदतीस इंजिन आंत येतें, आणि आंकडे वहींत चढतात. तेथून पंधरा कोसांच्या आंतबाहेर ज्या हजारों मोटारी विहिरींवर चालतात, त्यांची वही कोठेंच नाहीं.

असें कां झालें? मुंबई इलाख्यांत मोटार मोठ्या प्रमाणावर आली ती १९१५ सालीं खोपोलीचें वीजघर सुरू होऊन मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली तेव्हां. आणि १९२५ च्या फेब्रुवारींत बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी धांवली तेव्हां. गिरणींत व रेल्वेंत मोटारीबरोबर इंजिनिअर, मेगर आणि वही हीं तिन्ही आलीं. शेतावर तसें झालें नाहीं. किर्लोस्करवाडीस १९२६ सालीं पंप होऊं लागले. १९४६ सालीं किर्लोस्करांनीं बंगळूर येथें विजेच्या मोटारींचा स्वतंत्र कारखाना काढला. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन होऊन पुढें गांवोगांव खांब गेले. तीन फेजांच्या मोटारींची परीक्षा कशी घ्यावी याविषयीं १९६७ सालीं भारतीय मानकही प्रसिद्ध झालें. परंतु खांबावरून तार आली, तारेवरून मानक येत नाहीं! परीक्षेचें सारें ओझें तालुक्याच्या गांवांतील वाइंडिंगच्या दुकानावर पडलें, आणि तेथें मोटार येते ती जळल्यावर.

विजेच्या पाळ्यांनीं यांत भर घातली. महाराष्ट्रांत शेतीच्या विजेला कित्येक वर्षें दिवसा आठ तास किंवा रात्रीं दहा तास अशी पाळी असे. वीज मध्येंच जाऊन परत आली कीं कोणी तरी विहिरीवर जाऊन बटन दाबावें लागे. त्यावर उपाय म्हणून ऑटोस्विच निघाला. वीज येतांच तो आपण होऊन मोटार सुरू करी. आतां एका रोहित्रावर वीस मोटारी असल्या तर त्या वीसही एकाच क्षणीं उठूं पाहतात. उठतांना मोटार नेहमींच्या पांच-सहा पट प्रवाह ओढते. त्यामुळें विजेचा दाब खचतो. आणि मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत कमी होत असल्यामुळें, दाब शंभराचा ऐंशी झाला कीं जोर चौसष्टावर येतो. मग एकही मोटार धड उठत नाहीं. साऱ्या जागच्या जागीं घुमत तापत राहतात. ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसवा, अशी विनवणी महावितरणनें वारंवार केली. पण जो एकटाच काढील त्याची मोटार सर्वांच्या मागून सुरू होणार, हें प्रत्येकास ठाऊक आहे. याबद्दल शेतकऱ्यास अडाणी म्हणणारे शहरवासी आम्हीं पुष्कळ पाहिले; त्यांपैकीं एकानेंही रात्रीं दोन वाजतां, विंचूसापांच्या वाटेनें, बटन दाबावयास गेल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आमची मोटार दुसऱ्यांदा जळाली तेव्हां ज्या कारागिरानें ती उघडली, त्यानें आम्हांस दुकानांत बोलावून घेतलें. तीन अश्वशक्तीची, स्टार पद्धतीनें जोडलेली मोटार. वेटोळ्यांचे दोन फेज कोळशासारखे काळे झाले होते. तिसरा जसाच्या तसा तांबूस, तुकतुकीत. “सगळीं वेटोळीं सारखीं काळीं पडलीं असतीं तर भार जास्त झाला किंवा दाब कमी पडला म्हटलें असतें,” तो म्हणाला. “एकाच जागीं भोंक पडलें असतें तर ओल शिरली म्हणालों असतों. सर, यांत मोटारीचा दोष नाहीं. चालतां चालतां एक फेज जातो आहे. मी भरून देतों, पण पेटी पाहिल्याशिवाय लावूं नका.” हॉपकिन्सन व हेलंड यांचीं नांवें त्यास ठाऊक नव्हतीं, विचारण्याची रीत मात्र तीच होती.

तीन फेजांची मोटार एक फेज गेल्यावर पुन्हा सुरू होत नाहीं, पण चालू असली तर चालत राहते, आणि उरलेल्या दोन तारांतून पावणेदोन पटीच्या आसपास प्रवाह ओढते. अशा वेळीं स्टार्टरमधील रिलेनें तिला थांबवावयाचें असतें. त्यानें पेटी उघडली. तीन संपर्कांपैकीं एक खड्डे पडून झिजला होता. मग त्यानें रिलेच्या चकतीकडे बोट दाखविलें. ती सर्वांत मोठ्या आंकड्यावर होती. ती तेथें आम्हींच नेऊन ठेवली होती. मागल्या चैत्रांत मोटार सारखी बंद पडूं लागली म्हणून कंटाळून आम्हीं आपल्याच हातानें ती फिरविली, आणि ती बंद पडण्याची थांबली याचा आनंदही मानला.

त्यानें संपर्क बदलला, चकती पांचावर आणली, मोटार सुरू केली, आणि तिन्ही तारांना पाळीपाळीनें क्लॅम्प मीटर लावून आंकडे मोठ्यानें वाचले. आम्हीं ते मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर तारीख घालून कोळशानें लिहिले. त्याखालीं आतां बऱ्याच ओळी झाल्या आहेत. गेल्या वैशाखांत मधला आंकडा इतर दोहोंपेक्षां घसरलेला दिसला, म्हणून केबलचा एक सांधा उघडविला. आंत तांबें हिरवें पडलें होतें.