पडद्यावरची डॉक्टर आणि एक खरे कॉलेज

दूरदेशी गेलेला डॉक्टर म्हटले की आम्हां सोलापूरकरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ते १९३८ साली चीनला गेले. त्याच्या ५५ वर्षे आधी एक मराठी मुलगी समुद्र ओलांडून गेली होती, ती डॉक्टर होण्यासाठी. तिच्याकडे आम्हांला नव्याने पाहायला लावले एका अमेरिकन मालिकेने.

'डॉ. क्विन, मेडिसिन वुमन' ही मालिका अमेरिकेत १९९३ ते १९९८ या काळात दाखवली गेली. नायिका काल्पनिक. १८६०च्या दशकात ती बॉस्टन सोडून पश्चिमेकडील कोलोरॅडोतल्या नव्या वस्तीत दवाखाना थाटते. बाई डॉक्टर असू शकते, हेच गावाला आधी पटत नाही. तिची पदवी मात्र खऱ्या कॉलेजची दाखवली आहे: फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय. पुरुषांच्या कॉलेजांत स्त्रियांना प्रवेश मिळणे दुरापास्त होते, म्हणून १८५० साली ते स्थापन झाले.

याच कॉलेजात १८८३ साली आनंदीबाई जोशी दाखल झाल्या. वय अवघे १८. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत दगावले होते. पुढे प्रबंधासाठी त्यांनी हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय घेतला. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली, कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. पण क्षयाने गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

तिथूनच १८८९ साली सुझन ला फ्लेश डॉक्टर झाल्या. त्या अमेरिकेतील ओमाहा या आदिवासी जमातीच्या. एका आजारी आदिवासी बाईकडे गोरा डॉक्टर आलाच नाही आणि ती मेली, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते. पदवीनंतर त्या आपल्याच लोकांत परतल्या. १९१३ साली त्यांच्या प्रयत्नांतून तेथे रुग्णालय उभे राहिले. मालिकेतल्या डॉक्टरीणबाईंपेक्षा ही खरी हकीकत कितीतरी मोठी आहे.

मालिकेत सारे श्रेय नायिकेच्या जिद्दीला जाते. जिद्द आनंदीबाईंकडे होती, सुझनकडेही होती. पण फिलाडेल्फियाचे ते दार उघडे नसते तर? म्हणून वर्गात आनंदीबाईंची गोष्ट सांगताना त्या कॉलेजचीही सांगू या. आणि आपल्या घरात शाळेची पायरी पहिल्यांदा कोणती मुलगी चढली, तिला कोणी साथ दिली, हे मुलांनी आजीला विचारून लिहून आणावे. इतिहास तिथूनही सुरू होतो.