बगदादच्या एका पुस्तकविक्याची यादी

अब्बा गेले त्या वर्षी पावसाळ्याआधी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. ती पेटी कुलपात असायची, त्यामुळे आत काय आहे हे घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हते. उघडून पाहिले तर वर कुरआन शरीफचा उर्दू तर्जुमा, त्याखाली युनानी औषधांचे एक जाडजूड पुस्तक, इमाम गझालींच्या ‘किमिया-ए-सआदत’चा तर्जुमा, मराठी शाळेतले इतिहासाचे जुने पुस्तक, ज्ञानेश्वरीची एक प्रत आणि ग्रहताऱ्यांवरचे एक उर्दू पुस्तक. तळाशी वाळवीने खाल्लेला ढीग. त्यातल्या कित्येक पुस्तकांची पहिली पाने गेलेली. नाव नाही, लेखक नाही, साल नाही. भाऊ म्हणाला, ‘‘हे आता रद्दीवाल्याचेच काम.’’

त्या ढिगाकडे पाहताना मला बगदादच्या एका पुस्तकविक्याची आठवण झाली. त्याचे नाव अबुल फरज मुहम्मद इब्न इसहाक. जग त्याला इब्न अन-नदीम म्हणते. बाप ‘वर्राक’, मुलगाही वर्राक. वर्राक म्हणजे नुसता दुकानदार नव्हे. तो पुस्तकांच्या नकला उतरवून घेई, कागद विके आणि विद्वानांना बसायला दुकानात जागाही देई. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद तयार होऊ लागला आणि या धंद्याला बरकत आली. नवव्या शतकातला भूगोलकार याकूबी बगदादच्या एकाच भागात वर्राकांची शंभराहून अधिक दुकाने असल्याचे सांगतो. विख्यात लेखक जाहिज अशी दुकाने रात्रीपुरती भाड्याने घेऊन आत वाचत बसे, ही हकिगत आपल्याला इब्न अन-नदीमनेच सांगितली आहे.

हिजरी ३७७ मध्ये, म्हणजे इ. स. ९८७ च्या सुमारास, या माणसाने एक मोठे काम हाती घेतले. अरबी भाषेत लिहिलेल्या किंवा अरबीत आलेल्या, त्याच्या माहितीतल्या सगळ्या पुस्तकांची त्याने यादी केली. तिचे नाव ‘अल-फिहरिस्त’. तिचे दहा भाग आहेत. पहिल्यात निरनिराळ्या लोकांच्या लिप्या, मुसलमान, यहुदी आणि ईसाई यांचे धर्मग्रंथ आणि कुरआनविषयक विद्या. मग व्याकरण, इतिहास, काव्य, कलाम, फिकह आणि हदीस. सातव्यात तत्त्वज्ञान, गणित, ज्योतिष आणि वैद्यक. आठव्यात किस्से-कहाण्या आणि जादूटोणा. नवव्यात इतर धर्म आणि पंथ, हिंदुस्थान आणि चीनसुद्धा. दहाव्यात किमया. विभाग वेगवेगळे आहेत, पण यादी एकच आहे. मुहद्दिस आणि हकीम, इमाम आणि गणिती एकाच जिल्दीत बसले आहेत.

ही यादी कोरडी नाही. पुस्तकाच्या नावासोबत तो लेखकाची हकिगत देतो. इतिहासकार वाकिदी इ. स. ८२३ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या मागे पुस्तकांच्या ६०० पेट्या राहिल्या आणि एकेक पेटी उचलायला दोन माणसे लागत, असे तो लिहितो. मूसा इब्न शाकिरचे तीन मुलगे भाषांतरकारांना महिन्याला ५०० दिनार देत, हेही त्याच्याकडूनच कळते. त्या भाषांतरकारांपैकी हुनैन इब्न इसहाक ईसाई होता, तर साबित इब्न कुर्रा हर्रानचा साबी. खलीफा मामूनच्या स्वप्नात ॲरिस्टॉटल आल्याची गोष्टही या यादीत आहे.

मला सर्वांत जवळची वाटते ती याह्या इब्न अदीची हकिगत. हा ईसाई तत्त्वज्ञ इब्न अन-नदीमच्या ओळखीचा होता. वर्राकांच्या बाजारात गाठ पडली असता इब्न अन-नदीमने त्याला विचारले, की इतके नकलण्याचे कष्ट कशाला? त्याने सांगितले, की त्याने स्वतःच्या हाताने तबरींच्या तफसीरच्या दोन प्रती उतरवून दूरच्या राजांकडे पोहोचवल्या आहेत. कलामच्या पुस्तकांची तर गणतीच नाही, आणि दिवसरात्रीत शंभर पाने लिहिण्याचा त्याचा परिपाठ आहे. कुरआनच्या एका थोर भाष्याच्या प्रती एका ईसाई माणसाच्या हातून तयार होत होत्या आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते.

आता यादी करणाऱ्याच्या मनाचा विचार करू. इब्न अन-नदीम शिया होता, असे अभ्यासक मानतात. तरीही इमाम मालिक, इमाम अबू हनीफा आणि इमाम शाफई यांच्या अनुयायांना त्याने स्वतंत्र प्रकरणे दिली. खारिजींची पुस्तकेही नोंदवली. हल्लाजबद्दल त्याचे मत अतिशय वाईट होते आणि त्याने ते लपवले नाही. पण हल्लाजच्या पुस्तकांची नावे त्याने गाळली नाहीत. हजार रात्रींच्या कहाण्यांचे पुस्तक त्याला नीरस वाटले. तरी तिचे मूळ फारसी ‘हजार अफसान’मध्ये आहे, ही नोंद त्याने करून ठेवली. जाबिर नावाचा किमयागार झालाच नाही, असे काही लोक म्हणत. त्यावर त्याचा सवाल साधा आहे: रात्रंदिवस खपून एवढे लिहायचे आणि ते दुसऱ्याच्या नावावर टाकायचे, असे कोण करील? जाबिरचा वाद आजही मिटलेला नाही. पण मत एका बाजूला आणि नोंद एका बाजूला ठेवण्याची ही शिस्त हजार वर्षांपूर्वीच्या एका दुकानदाराची आहे, हे लक्षात घ्यावे.

या शिस्तीचे फळ फार उशिरा दिसले. मानी या इराणी धर्मसंस्थापकाविषयी त्याने लिहिले, की तो लहानपणी स्नानाला महत्त्व देणाऱ्या एका पंथात वाढला. मानीचे अनुयायी नामशेष झाले आणि त्यांचे ग्रंथही गेले. १९६९ साली ऑस्ट्रियात व्हिएन्ना येथे तळहाताहूनही लहान आकाराचे एक ग्रीक चर्मपत्री हस्तलिखित उलगडले गेले. त्यात मानीच्या बालपणाची हीच माहिती निघाली. परक्या धर्माविषयी मुसलमान वर्राकाने प्रामाणिकपणे लिहिलेली ओळ हजार वर्षांनी खरी ठरली.

आपल्या मातीचाही या यादीशी संबंध आहे. हारून रशीदचा वजीर याह्या इब्न खालिद बरमकी याने औषधी वनस्पती आणण्यासाठी आणि तिथल्या धर्मांची माहिती लिहून काढण्यासाठी एक माणूस हिंदुस्थानात पाठवला होता. त्या लिखाणाची हिजरी २४९ मधली, तत्त्वज्ञ किंदीच्या हस्ताक्षरातली प्रत इब्न अन-नदीमने पाहिली होती. मूळ लेखक कोण हे ठाऊक नाही, असे त्याने सरळ सांगून टाकले. हिंदुस्थानच्या या प्रकरणात ‘मानकीर’ नगराचे आणि तिथल्या ‘बल्हरा’ राजाचे वर्णन येते. मानकीर म्हणजे मान्यखेट, आजचे मालखेड. वाडीहून सिकंदराबादकडे जाताना कागिणा नदीकाठचे हे गाव लागते. बल्हरा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूट राजा. ज्यांच्या घराण्याने वेरूळचे कैलास लेणे कोरवले ते हे राजे. त्यांच्याच राज्यात चौल बंदर होते. अरब त्याला सैमूर म्हणत. हिजरी ३०४ मध्ये मसूदी तिथे आला, तेव्हा त्याला सुमारे दहा हजार मुसलमान राहताना आढळले.

पुढे काय झाले पाहा. ९७२ साली माळव्याच्या परमार सियकाने मान्यखेट लुटले आणि पुढच्याच वर्षी तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता संपवली. म्हणजे इब्न अन-नदीम बगदादेत मानकीरबद्दल लिहीत होता, तेव्हा त्या नगराचे वैभव संपलेले होते. नगर गेले, नोंद राहिली.

सुश्रुताचा ग्रंथ याह्या बरमकीच्या हुकमाने मनका नावाच्या हिंदी वैद्याने सांगितला आणि तो अरबीत आला, हेही ‘फिहरिस्त’ सांगते. इब्न मुकफ्फाच्या ‘कलीला व दिमना’चे मूळ आपल्या पंचतंत्रात. नऊ अंकांनी संख्या लिहिण्याची हिंदी रीतही तिने नोंदवली आहे. इल्म कोठून आले हे सांगण्यात त्या लोकांना कमीपणा वाटत नव्हता. आज आपल्याकडे काहीजण सर्व विज्ञान आपल्याच ग्रंथांत होते म्हणून छाती फुगवतात, तर काहीजण दीनी इल्म सोडून बाकी सारे फजूल समजतात. या दोघांनीही ही यादी एकदा चाळावी.

त्या यादीतली बहुतेक पुस्तके आज नाहीत. एकट्या किंदीच्या नावावर तिच्यात अडीचशेच्या आसपास पुस्तके आहेत. उरली ती थोडी. १२५८ साली हुलागूने बगदाद उद्ध्वस्त केले, हे आपण नेहमी सांगतो. पण दोष केवळ मोगलांच्या सैन्याचा नाही. ओल, वाळवी, आग आणि वारसांची बेपर्वाई यांनीही आपापले काम केले. एप्रिल २००३ मध्ये बगदादचे राष्ट्रीय ग्रंथालय जळाले. ५ मार्च २००७ रोजी मुतनब्बी रस्त्यावरच्या पुस्तकबाजारात स्फोट होऊन वीसहून अधिक माणसे मारली गेली. तो बाजार पुन्हा उभा राहिला, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

आणि आपले काय? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’, मृत्युंजय नावाने लिहिणारे शाह मुंतोजी बहामनी, गीतेवर ‘अंबरहुसेनी’ टीका लिहिणारे हुसेन अंबरखान, शाहीर सगनभाऊ, शाहीर अमर शेख, ‘इंधन’ लिहिणारे हमीद दलवाई; मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांची ओळ लांब आहे. जुन्या संतकवींचा शोध घेऊन ‘मुसलमान मराठी संतकवी’ हा ग्रंथ लिहिला तो रा. चिं. ढेरे यांनी. याह्या इब्न अदीसारखेच हे काम. त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण आपल्या घरातल्या पेट्या आपणच उघडायच्या आहेत. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर किती कवितासंग्रह, किती स्मरणिका निघाल्या! त्यांतल्या किती तुमच्या-आमच्या घरी आहेत? तालुक्याच्या गावी छापलेले, लेखकाने पदरमोड करून काढलेले पुस्तक तीस वर्षांत नाहीसे होते. कुणी जाळत नाही, बंदी घालत नाही. ते फक्त रद्दीत जाते.

इब्न अन-नदीमने आपल्या यादीत ठिकठिकाणी जागा कोऱ्या सोडल्या होत्या. माहिती मिळेल तशी भरता यावी, हा हेतू असावा. त्यांतल्या काही कायमच्या कोऱ्या राहिल्या.

भावाला मी दोन दिवस थांबायला सांगितले. शंभर पानी वही आणली आणि पेटीतले एकेक पुस्तक काढून लिहीत गेलो: नाव, लेखक, साल, भाषा, आत कुणी काय लिहिले आहे ते. सदतीस पुस्तके भरली. अकरांना नाव नव्हते. त्यांच्यापुढे ‘नाव नाही’ असे लिहिले आणि दोन ओळी मोकळ्या सोडल्या. न जाणो, कुणाच्या घरी त्याच पुस्तकाचे पहिले पान शिल्लक असेल.