लाकडी मासोळी आणि पोटांतलें शिसें

मासा आमिषाला भुलतो हें आपणां सर्वांस ठाऊक आहे; पण तो कोरलेल्या लाकडालाही भुलतो असें म्हटलें, तर कित्येकांस नवल वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील मिशिगन प्रांतीं जेम्स हेडन यानें लाकडी बेडूक कोरून त्यांवर मासे धरले. परंतु ही कला नांवारूपास आली ती फिनलंडांतील एका कोळ्याच्या हातून.

त्याचें नांव लौरी रापाला (१९०५-१९७४). पैयान्ने सरोवराच्या परिसरांत तो राहत असे. मंदीचे दिवस, घरांत मुलेंबाळें, आणि सारा संसार मासेमारीवर. होडी वल्हवितां वल्हवितां त्यानें एक गोष्ट हेरली. मोठा मासा मासोळ्यांच्या थव्यांतून वाटेल ती उचलीत नाहीं. जी किंचित् लंगडत, कलत पोहते, तिच्यावरच तो झडप घालतो. मग अशी चालणारी मासोळी आपणच कां करूं नये?

१९३६ सालीं त्यानें ती केली. बुचाचा तुकडा रापीनें कोरला, काचकागदानें घासला, चॉकलेटवरच्या चंदेरी कागदानें मढविला, आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप वर दिला. पुढें पाइन वृक्षाची साल, आणि नंतर दक्षिण अमेरिकेंतील बाल्सा हें लाकूड उपयोगांत आलें.

लाकडाची निवड येथें इतकी महत्त्वाची कां? बाल्सा पाण्याच्या सुमारें एकषष्ठांश भाराचें असतें. आपलें सागवान सुमारें दोनतृतीयांश. हलकें लाकूड पाण्याच्या लहानशा धक्क्यानेंही डुलतें, जड लाकूड सुस्त राहतें. पण हलकेपणाचें मोलही द्यावें लागतें. बाल्सा मऊ असल्यामुळें माशाचे दांत त्यांत रुततात, पाणी मुरतें, आणि फेंकतांना वारा त्यास भलतीकडे नेतो. म्हणून त्यावर लेपाचे थर द्यावे लागतात.

नुसतें हलकें लाकूड पाण्यांत कुशीवर लोळतें. त्याच्या पोटांत शिशाचा कण बसविला, कीं तें सरळ राहतें. तंजावरी बाहुली कितीही कलविली तरी उठून बसते, तिचें रहस्य हेंच: भार तळाशीं. शिसें पाण्याच्या सव्वाअकरा पट जड, म्हणून थोडेंसें पुरतें. तें पुढें सरकलें तर मासोळी नाकावर बुडते, मागें गेलें तर शेपटी लोंबते, अधिक झालें तर चालच मरते. मुखापाशीं बसविलेल्या जिभेवर पाण्याचा दाब पडून तें डुलणें सुरू होतें. म्हणूनच प्रत्येक मासोळी पाण्यांत ओढून पारखावी लागते. दोन लाकडें कधींच सारखीं नसतात.

१९६२ सालच्या ऑगस्टमध्यें अमेरिकेंतील 'लाइफ' साप्ताहिकानें ह्या मासोळीवर लेख छापला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकत्याच दिवंगत झालेल्या नटी मेरिलिन मन्रो यांचें चित्र असल्यानें तो अंक घरोघरीं गेला, आणि फिनलंडच्या कोळ्याची मासोळी जगाला ठाऊक झाली.

शिशाची मात्र दुसरीही एक कथा आहे. गळाच्या दोरीला लावलेले शिशाचे मणी पाण्याच्या तळाशीं पडून राहत, ते गिळून इंग्लंडांत राजहंस विषबाधेनें मरूं लागले. म्हणून १९८७ सालीं तेथें शिशाच्या बहुतेक लहान वजनांवर बंदी आली. तेव्हां घरीं मासोळी कोरणाऱ्यानें शिसें कोठें बसवावें याबरोबरच तें लाकडांत पक्कें बंद राहील ना, हेंही पाहिलें पाहिजे. आपण मासा भुलवावयास निघालों आहों, हंस मारावयास नव्हे.