दुधाच्या दातातल्या मूलपेशी: मेलेला दात पुन्हा जिवंत होऊ शकतो का?

सोंगताओ शी हे लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये (एनआयएच) संशोधन करत होते. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा दुधाचा दात पडला. दात हातात घेऊन पाहताना त्यांना आतल्या पोकळीत थोडा लाल, ओलसर भाग चिकटलेला दिसला. पुढचा दात पडला तेव्हा तो त्यांनी थेट प्रयोगशाळेत नेला. आपल्याकडे जो दात छपरावर फेकून उंदराकडून नवा मागायची पद्धत होती, त्यातच जिवंत मूलपेशी असल्याचे २००३ मध्ये त्यांच्या गटाने जाहीर केले. एका दातातून मिळणाऱ्या अशा पेशी फार नव्हत्या, साधारण १२ ते २०. मात्र प्रयोगशाळेत त्या भराभर वाढत होत्या.

त्याआधी २००० मध्ये याच संस्थेतल्या गटाने अक्कलदाढेच्या गरातही मूलपेशी शोधल्या होत्या. तिथून तोंडातल्या मूलपेशींचा अभ्यास वेगाने वाढला आणि त्याच्या मागोमाग जाहिरातीही आल्या. आज सोशल मीडियावर ‘किडलेला दात परत उगवणार’ अशा पोस्ट फिरतात, तेव्हा त्यातले खरे किती हे समजून घेणे गरजेचे ठरते.

मूलपेशी म्हणजे नेमके काय?

मूलपेशी म्हणजेच स्टेम सेल. शरीरातल्या बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. मूलपेशीचे तसे नसते. ती स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करते आणि गरज पडल्यास वेगळ्या कामाची पेशीही बनते. गर्भातल्या मूलपेशी जवळपास काहीही बनू शकतात. दातातल्या मूलपेशींची मजल तेवढी नाही. हाड, चरबी, दाताचा कठीण थर आणि चेतापेशींसारख्या पेशी इथपर्यंत त्या जातात.

दाताच्या बाहेरचे पांढरे, चकचकीत कवच म्हणजे इनॅमल. त्याखाली डेंटिनचा पिवळसर थर असतो आणि मध्यभागी मऊ गर, म्हणजे पल्प. रक्तवाहिन्या आणि नसा या गरात असतात. ‘दाताची नस मारली’ असे लोक म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात हा सगळा गर काढलेला असतो. मूलपेशी या गरात तर असतातच, शिवाय दात हाडाला बांधून ठेवणाऱ्या तंतूंत, वाढत्या मुळाच्या टोकाशी आणि हिरडीतही असतात.

इनॅमल मात्र या यादीत नाही. ते बनवणाऱ्या पेशी दात तोंडात उगवेपर्यंत नष्ट झालेल्या असतात. म्हणून झिजलेले किंवा किडलेले इनॅमल शरीर पुन्हा बनवू शकत नाही आणि दाताच्या गरातल्या मूलपेशींनाही ते जमत नाही. एखादे उत्पादन ‘स्टेम सेलने इनॅमल परत आणा’ म्हणत असेल, तर त्या दाव्यावर तिथेच फुली मारावी.

पडलेल्या मुलाचा पुढचा दात

या संशोधनाची खरी गरज कुठे आहे, हे एका नेहमीच्या प्रसंगातून कळते. आठ-नऊ वर्षांचे मूल सायकलवरून तोंडावर पडते आणि समोरच्या कायमच्या दाताला जबर मार बसतो. दात जागेवर राहतो, पण काही आठवड्यांत आतला गर मरतो. समोरचे वरचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात आणि त्यांचे मूळ पूर्ण व्हायला पुढची साधारण तीन वर्षे लागतात. गर मेला की ही वाढ थांबते. मूळ आखूड राहते, त्याच्या भिंती पातळ राहतात आणि टोक उघडे असते. नेहमीचे रूट कॅनाल करायचे तर भरलेला मसाला त्या उघड्या टोकातून बाहेर जाण्याची भीती. टोक औषधी सिमेंटने बंद करता येते, पण पातळ भिंती पातळच राहतात. असा दात पुढे एखाद्या किरकोळ धक्क्यानेही मोडू शकतो.

यावर दंतवैद्यांनी एक युक्ती काढली. पोकळी औषधाने निर्जंतुक करायची, मग बारीक सुईसारख्या साधनाने मुळाच्या टोकापलीकडे टोचून मुद्दाम रक्त आणायचे. रक्ताची गुठळी पोकळीत जमली की वरून सिमेंट लावून दात बंद करायचा. या रक्ताबरोबर मुळाच्या टोकाकडच्या मूलपेशी आत येतात, असे तपासणीत आढळले आहे. कल्पना १९६१ इतकी जुनी आहे, पण उपचार म्हणून ती रुळली २००० नंतर. अनेक मुलांमध्ये मूळ पुढे वाढते. अडचण अशी की आत तयार होणारा भाग बहुतेकदा खरा गर नसतो. तो हाडासारखा किंवा मुळावरच्या आवरणासारखा असतो.

मग त्याच मुलाच्या दुधाच्या दातातल्या पेशी वाढवून आत ठेवल्या तर? चीनमधल्या शिआन इथल्या डॉक्टरांनी हेच केले आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मार लागून गर मेलेल्या ४० रुग्णांपैकी ३० जणांना त्यांच्याच दुधाच्या दातातल्या मूलपेशी दिल्या, तर १० जणांवर नेहमीचा उपचार केला. पहिल्या गटातल्या २६ जणांची पुढची तपासणी पूर्ण झाली. वर्षभराने त्यांच्या दातांत रक्तवाहिन्या आणि संवेदना देणाऱ्या नसा असलेला गर तयार झालेला दिसला आणि मुळेही लांबली. नेहमीच्या उपचाराच्या गटात हे घडले नाही. त्याच्या आदल्या वर्षी जपानमध्ये पाच मोठ्या माणसांवरही रुग्णाच्याच दुसऱ्या दातातल्या पेशी वापरून असाच प्रयोग झाला होता आणि त्यातही आशादायक चिन्हे दिसली.

हे यश खरे आहे, पण आकडे लहान आहेत. प्रत्येक रुग्णाच्या पेशी खास प्रयोगशाळेत आठवडेच्या आठवडे वाढवाव्या लागतात. त्यामुळे गल्लीतल्या दवाखान्यात हा उपचार आज मिळत नाही.

पायोरियावर उपाय?

इथे गाडी अडखळते. पायोरियात दाताभोवतीचे हाड झिजते आणि दात हलू लागतात. दाताला धरून ठेवणाऱ्या तंतूंतल्या मूलपेशींनी हे हाड भरून येईल अशी आशा होती आणि प्राण्यांवरचे निकालही चांगले होते. पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी चाचणीत पेशी दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांत लक्षणीय फरक आढळला नाही. उपचार सुरक्षित निघाला, एवढेच.

दात बँकेत ठेवायचा का?

मुलाचा दुधाचा दात द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सियसला जपून ठेवू, पुढे मधुमेहापासून पाठीच्या कण्याच्या इजेपर्यंत कशावरही उपयोगी पडेल, अशी जाहिरात पालकांना गाठते. यातल्या कुठल्याही आजारावर दातातल्या पेशींचा सिद्ध झालेला, मान्यताप्राप्त उपचार आज नाही. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतात व्यावसायिक साठवणुकीची मुभा फक्त नाळेतल्या रक्ताला आहे, दातांना नाही. मान्यता असलेल्या चाचणीबाहेर रुग्णावर असे प्रयोग करणे आणि त्याचे पैसे घेणेही त्यांत अनैतिक ठरवले आहे. पालकांच्या काळजीवर चालणारा हा धंदा आहे. हप्ते भरण्याआधी हे नियम वाचावेत.

आणि ती जपानची बातमी?

‘जपानने दात उगवणारे औषध शोधले’ ही पोस्ट अनेकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेली आहे. त्या औषधात मूलपेशी नाहीत. दाताची वाढ रोखणाऱ्या एका प्रथिनाला अडवणारी ती प्रतिपिंडे आहेत आणि क्योतोमध्ये २०२४ मध्ये त्यांची माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली. लंडनच्या किंग्ज कॉलेजचे २०१७ चे काम मात्र मूलपेशींशी जोडलेले आहे. अल्झायमरसाठी तपासले गेलेले एक औषध कोलॅजनच्या स्पंजात घालून उंदरांच्या दातातल्या छिद्रात ठेवल्यावर तिथल्याच मूलपेशी जाग्या झाल्या आणि छिद्र डेंटिनने भरले. हे उंदरांमध्ये घडले आहे, हा भाग पोस्टमध्ये सहसा गळतो.

आज, घरी उपयोगी पडणारी गोष्ट

तोंडातल्या या पेशींचा एक उपयोग प्रयोगशाळेशिवायही होतो. मुलाचा कायमचा दात मार लागून मुळासकट बाहेर आला, तर मुळावर चिकटलेल्या तंतूंत जिवंत पेशी असतात आणि दात पुन्हा रुजणे त्यांच्यावरच अवलंबून असते. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मूळ घासू नये, कापडाने पुसू नये. माती लागली असेल तर हलकेच धुऊन तो त्याच खाचेत बसवावा. ते जमत नसेल तर थंड दुधात ठेवून लगेच दंतवैद्याकडे न्यावे. कोरड्या रुमालात तासभर राहिला की यातल्या बहुतेक पेशी मरतात. दुधाचा दात असेल तर मात्र तो परत बसवू नये, कारण त्याने खालून येणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.